बागेतून बागेत

फुलझाडांचा इतिहास बहुधा शोधकांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. अमुक साली अमुक साहेबाने दूरच्या एका बेटावर हे झाड शोधून काढले आणि जहाजाने युरोपास पोहोचते केले, एवढी नोंद झाली की इतिहासकाराचे कर्तव्य संपले, असा एक रिवाजच पडून गेला आहे. परंतु ज्या झाडाला दरसाल कोणी खत घातले नसते, ज्याची मुळी वेळच्या वेळी उकरून, वाटून पुन्हा मातीत लावली नसती, आणि उन्हाळ्यात त्याची जागा उघडी पडली तरी खाली जीव आहे हे ध्यानात ठेवून तेथे कुदळ पडू देण्याचे टाळले नसते, ते झाड शोधकाच्या दृष्टीस पडेपर्यंत बागेत टिकलेच नसते, ही गोष्ट त्या नोंदीत कोठेच येत नाही. थंड मुलखातील बागांमध्ये वसंतऋतूत फुलणारे ब्लीडिंग हार्ट हे झाड या उपेक्षेचे बोलके उदाहरण आहे. या झाडाचा वंशविस्तार प्रामुख्याने एका बागेतून दुसऱ्या बागेत झाला, आणि तो करणाऱ्या बहुतेक हातांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत.

हे झाड दोन-तीन फूट उंचीचे, मऊ देठांचे आणि निळसर छटेच्या, खोल कातरलेल्या पानांचे असते. वसंताच्या प्रारंभी जमिनीतून तांबूस कोंब वर येतात, आणि थोड्याच आठवड्यांत धनुष्याप्रमाणे वाकलेल्या डहाळीवर गुलाबी फुलांची एकेरी रांग लोंबू लागते. बुडाकडील फूल सर्वांत मोठे, टोकाकडील कळी सर्वांत लहान, आणि प्रत्येक फुलाचा आकार चित्रात काढतात तशा हृदयाचा. एखादे फूल तळहातावर घेऊन पाहिले, तर बाहेरच्या दोन गुलाबी पाकळ्या बुडाशी फुगून त्यांच्या दोन पिशव्या झालेल्या दिसतात व त्यांची टोके वर मुडपलेली असतात. आतील दोन पाकळ्या पांढऱ्या व अरुंद असून टोकाशी जुळलेल्या असतात, आणि त्या जुळलेल्या टोकाच्या आत पुंकेसर व कुक्षी झाकलेली राहते. हृदयातून ठिबकणारा थेंब म्हणून जो दिसतो तो हाच आतला भाग होय. बंबलबी जातीची थोराड, केसाळ मधमाशी फुलाला लोंबकळून मधाकडे सोंड घालते, तेव्हा तिच्या धक्क्याने ही आतली टोपी बाजूस सरते आणि पराग तिच्या अंगाला लागतात. ज्या जातींची सोंड आखूड आहे त्या मात्र पिशवीच्या बुडाशी भोक पाडून मध नेतात व परागणाचे काम न करताच निघून जातात.

या झाडाचे मूळ स्थान सायबेरियाचा अतिपूर्व भाग, मांचुरिया, उत्तर चीन आणि कोरिया. तेथील डोंगरउतारांवर, पानझडी वृक्षांच्या विरळ सावलीत, कुजलेल्या पालापाचोळ्याच्या ओलसर मातीत ते आपसूक वाढते. हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरला तरी जमिनीखालील मांसल मुळीला त्याची बाधा होत नाही. किंबहुना ती थंडी तिला हवीच असते, कारण शीतकाळाच्या दीर्घ विश्रांतीवाचून तिला जोमाचे कोंब फुटत नाहीत. कोरियात डोंगरावरचे लोक याचे कोवळे कोंब उकळून, बराच काळ पाण्यात भिजवून भाजी म्हणून खात आले आहेत. तो खटाटोप करण्याचे कारण असे की, या वनस्पतीच्या सर्वांगात विषारी अल्कलॉइडे असतात.

चीनमधील उद्यानरसिकांनी हे झाड रानातून बागेत केव्हा आणले ते सांगणे अवघड असले, तरी सतराव्या शतकात त्याच्या मशागतीचे शास्त्र तेथे पूर्णत्वास गेले होते याला भक्कम पुरावा आहे. १६८८ साली चेन हाओझी या वृद्ध उद्यानविदाने ‘हुआ जिंग’, म्हणजे फुलांचा आरसा, हा ग्रंथ सिद्ध केला. त्यात या झाडाची पाने पिओनीसारखी आणि फूल कमरेच्या बटव्यासारखे असल्याचे सांगून त्याची लागवडही दिली आहे. मुळ्या वाटून लावाव्यात, खत सढळ हाताने घालावे म्हणजे फुले अधिक व तजेलदार येतात, आणि आलुबुखार पिकण्याच्या वेळच्या पावसात, अर्थात आपल्याकडे मृग-आर्द्रा नक्षत्रे चालू असतात त्या सुमारास, त्याची छाटकलमेही जगतात, असे त्यात नमूद आहे. हा उपदेश पिढ्यानपिढ्यांच्या अनुभवाने सिद्ध झालेला आहे, आणि आजचा कोणताही जाणता माळी त्याहून फारसे निराळे काही सांगणार नाही. चेन हाओझीने आपल्या ग्रंथात त्या अनुभवाला लेखी रूप दिले. तो अनुभव ज्यांनी मिळविला त्यांची गणती कोणी केलेली नाही.

चीनमधून हे झाड मध्ययुगातच जपानला गेले, आणि तेथे त्याला बौद्ध मंदिरातील एका अलंकाराचे नाव मिळाले. मूर्तीपुढे ताज्या फुलांच्या माळा वाहण्याची भारतीय प्रथा धर्माबरोबर पूर्वेकडे जाता जाता तिचे रूपांतर सोनेरी मुलाम्याच्या, जाळीदार नक्षीच्या धातुपत्र्यात झाले, आणि असे पत्रे गाभाऱ्यात टांगले जाऊ लागले. हिराइझुमी येथील च्यूसोन्-जी मंदिराचे बाराव्या शतकातील असे पत्रे आज जपानचा राष्ट्रीय ठेवा म्हणून जतन केलेले आहेत. डहाळीवर रांगेने लोंबणारी ही फुले पाहून जपानी माळ्यांना त्या टांगलेल्या अलंकाराची आठवण झाली, यात नवल नाही.

युरोपला या झाडाची पहिली ओळख झाली ती मात्र निर्जीव स्वरूपात. सायबेरियातून आलेल्या वाळक्या नमुन्यावरून स्वीडनच्या कार्ल लिनियसने १७५३ मध्ये, आपल्या ‘स्पेशीज प्लँटॅरम’ या ग्रंथात, त्याला ‘फ्युमॅरिया स्पेक्टॅबिलिस’ असे नाव दिले. उत्तर हिंदुस्थानातील गव्हाच्या शेतात तणासारखा उगवणारा आणि वैद्यांच्या काढ्यात पडणारा पित्तपापडा याच फ्युमॅरिया प्रजातीतला. सबब या परदेशी फुलाचे आपल्याशी दूरचे का होईना, नाते आहे. जिवंत झाड इंग्लंडमध्ये प्रथम आले ते १८१० च्या सुमारास. परंतु ते तेथे रुजले नाही व लवकरच नाहीसे झाले. त्या काळच्या सागरी प्रवासाची स्थिती पाहता या अपयशाचे आश्चर्य वाटू नये. चीनपासून टेम्सच्या मुखापर्यंत महिनेच्या महिने लागत, दोनदा विषुववृत्त ओलांडावे लागे, डेकवर खारे तुषार उडत आणि गोड्या पाण्याचे माप खलाशांनाच अपुरे पडे. जिला शीत, ओल आणि सावली हवी, अशा मुळीच्या दृष्टीने याहून प्रतिकूल असे काही कल्पिता येणार नाही.

ही अडचण दूर झाली ती दोन घटनांमुळे. पहिली घडली लंडनच्या पूर्व भागातील एका वैद्याच्या घरी. नॅथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड याने १८२९ मध्ये एका बुचबंद बाटलीत ओलसर माती घालून तीत पतंगाचा कोश ठेवला होता. त्या मातीत नेचा आणि गवत उगवून आलेले, आणि पाणी न घालता तगून राहिलेले, त्याच्या दृष्टीस पडले. मातीतील ओल वाफ होऊन काचेवर जमते व पुन्हा मातीतच उतरते, हे ओळखून त्याने काचेची बंद पेटी तयार केली. १८४२ मध्ये त्याने या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. तोपर्यंत अशा पेट्यांतून रोपे सुखरूप नेता येतात याचा प्रत्यय जहाजांवर येऊन चुकला होता.

दुसरी घटना रक्तरंजित होती, आणि तिच्याशी आपल्या मुंबई बंदराचा निकटचा संबंध आहे. माळव्यातली अफू मुंबईच्या धक्क्यावरून चीनकडे जाई. त्या व्यापाराला चीनच्या बादशहाने प्रतिबंध केला म्हणून इंग्रजांनी युद्ध पुकारले, आणि २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगच्या तहनाम्यावर ज्या ‘कॉर्नवॉलिस’ नामक युद्धनौकेवर सह्या झाल्या, ती चौऱ्याहत्तर तोफांची सागवानी नौका मुंबईच्या गोदीत वाडिया कारागिरांनी १८१३ मध्ये बांधलेली होती. तहनाम्याने पाच बंदरे इंग्रजांना खुली झाली, दोन कोटी दहा लाख डॉलरांची खंडणी ठरली, आणि ती वसूल होईतो चुसान बेट इंग्रजांच्या ताब्यात तारण म्हणून राहिले. आज ब्लीडिंग हार्टच्या नाजूक फुलांचे कौतुक करणाऱ्याने त्यांच्या पाश्चात्त्य प्रवासाच्या मुळाशी ही जबरदस्ती होती हे विसरता कामा नये.

तह होताच लंडनच्या हॉर्टिकल्चरल सोसायटीने आपल्या चिझिक येथील बागेतील रॉबर्ट फॉर्च्यून या स्कॉटिश माळ्यास चीनला पाठविले. १८१२ मध्ये जन्मलेला हा मनुष्य त्या वेळी तिशीत होता आणि त्याचा वार्षिक तनखा शंभर पौंड ठरला होता. सोसायटीने त्याला जी यादी दिली होती तीत निळ्या फुलांचा पिओनी आणि पेकिंगच्या शाही बागेतील, प्रत्येकी दोन पौंड वजनाचे म्हणून ऐकिवात असलेले पीच यांचाही समावेश होता. निळा पिओनी मुळात अस्तित्वातच नव्हता. परंतु तो शोधीत निघालेल्या फॉर्च्यूनला चुसान बेटावर, तिंगहाई नगरानजीकच्या एका मँडरिनाच्या बागेत, ब्लीडिंग हार्ट आणि वायजेला ही दोन झाडे मिळाली. कृत्रिम खडकांची रचना केलेल्या या बागेला इंग्रज अधिकारी ‘ग्रोटो’ म्हणत. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, या शोधासाठी फॉर्च्यूनला दऱ्याखोरी पालथी घालावी लागली नाहीत. झाड होते ते कुंपणाच्या आत, सजविलेल्या जागी, कोणी तरी मुद्दाम लावलेले आणि निगुतीने राखलेले. त्या कोणाचे नाव, गाव वा चेहरा आज आपल्यासमोर नाही. तो गृहस्थ मँडरिन असेल, त्याचा माळी असेल, किंवा ज्याच्याकडून रोप मागून आणले असा शेजारी असेल. परंतु हुआ जिंगमधील शिकवण ज्याने हातांनी आचरली असा तो होता, एवढे निश्चित.

फॉर्च्यूनने रोपे वॉर्डच्या पेट्यांतून रवाना केली, आणि १८४६ च्या वसंतात तो स्वतः लंडनला परतला. पुढे १८४८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने याच फॉर्च्यूनला चहाची रोपे व बी आणण्यासाठी पुन्हा चीनला धाडले, आणि त्याने आणलेला तो माल कलकत्त्यामार्गे हिमालयाच्या पायथ्याच्या मळ्यांत पोहोचला. ब्लीडिंग हार्ट मात्र युरोपातच रमले. १८४७ मध्येच घेंट येथील व्हान हौट या रोपवाटिकावाल्याच्या सचित्र नियतकालिकात त्याला ‘डायसेंट्रा स्पेक्टॅबिलिस’ या नावाने स्थान मिळाले होते. छपाईच्या चुकीतून निपजलेले ‘डायेलिट्रा’ हे नाव मात्र माळ्यांच्या तोंडी दीर्घकाळ टिकून राहिले.

त्यानंतरचा प्रसार झपाट्याने झाला, आणि त्याचे कारण झाडाच्या स्वभावातच होते. धनिकांच्या काचघरांना त्याचा एक विशेष गुण फार भावला: शरदात मुळी उकरून कुंडीत लावावी, थंडीत बाहेरच ठेवावी, आणि जानेवारीत सौम्य ऊब असलेल्या काचघरात आणावी, की बाहेर बर्फ असतानाच ती फुलू लागे. पण काचघराची ऐपत नसलेल्यांनाही या झाडाने निराश केले नाही, कारण उघड्यावरची कडाक्याची थंडी त्याला मुळातच मानवत होती. एका थोरल्या झाडाच्या चार मुळ्या चार शेजाऱ्यांना देता येत. त्यासाठी पैसा लागत नसे की रोपवाटिकेचा परवाना. अशा रीतीने थोड्याच काळात ते इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतील झोपडीवजा घरांच्या पुढील बागांत जाऊन बसले, आणि वसाहतवाल्यांबरोबर अटलांटिकपार गेले. फुलाच्या पाकळ्या एकेक सोडवून त्यांतून सशाची जोडी, सपाता, कर्णभूषणे आणि शेवटी कट्यार काढून मुलांना विफल प्रेमाची कथा सांगण्याचा प्रघातही पाश्चात्त्य घरांत पडला.

या झाडाची निगा राखण्याची रीत समजली की त्याच्या इतिहासाचा उलगडा आपोआप होतो. जागा अशी निवडावी की, सकाळचे पहिले ऊन थेट कोंबांवर येऊ नये. कारण उशिरा पडलेल्या दंवाने गोठलेला कोंब हळूहळू विरघळला तर वाचतो, पण एकाएकी तापला तर काळा पडतो. माती पानांच्या कुजक्या खताने भुसभुशीत केलेली, ओल धरणारी परंतु पाणी न साठू देणारी असावी, कारण हिवाळ्यात पाण्यात बसलेली मुळी कुजून जाते. मुळीचा माथा एक इंच मातीखाली राहील अशी ती लावावी, आणि मग वर्षानुवर्षे तिला हलवू नये. फुलोरा ओसरून भर उन्हाळा लागला की पाने पिवळी पडून झाड जमिनीखाली निघून जाते. नवखा माळी ते मेले असे समजतो आणि तेथे दुसरे काही लावण्यासाठी खणू लागतो. जाणता माळी पाने आपसूक वाळेपर्यंत कापीत नाही, कारण तेवढ्या अवधीत त्यांतील सत्त्व मुळीत उतरत असते. जागेवर तो खुणेची काठी रोवतो, आणि शेजारी नेचे किंवा होस्टा लावून पडलेली रिती जागा त्यांच्या पानांनी झाकून घेतो.

विभागणीचे काम या सर्वांत नाजूक. शरदात, किंवा वसंतात कोंब नुकते मातीबाहेर डोकावू लागले की, झाडाच्या घेराबाहेरून चोहोबाजूंनी खणून मातीसकट गड्डा उचलावा लागतो. मुळ्या पिवळसर, बोटासारख्या जाड आणि गाजराप्रमाणे कटकन मोडणाऱ्या असतात. म्हणून माती झटकण्याऐवजी पाण्याने धुवावी, आणि प्रत्येक वाट्यात किमान दोन-तीन डोळे व पुरेशी मुळी येईल असे पाहून धारदार सुरीने कापावे. चीक काहींच्या कातडीला खाजरा ठरतो, यास्तव हातमोजे घातलेले बरे. मोडलेले तुकडेही फुकट जात नाहीत; तीन-चार इंचांचे तुकडे वाळूमिश्रित मातीत पुरले तर त्यांतून नवी रोपे निघतात. बियांपासूनही रोपे करता येतात, पण बी ताजे हवे, आणि त्याला आधी ऊब व मग दीर्घ थंडी लाभली तरच ते रुजते. रानात हे बी पसरविण्याचे काम मुंग्या करतात. काळ्याभोर दाण्याला चिकटलेल्या पांढऱ्या, तेलकट भागाच्या लोभाने त्या दाणा वारुळाकडे वाहून नेतात, आणि तो भाग खाऊन दाणा टाकून देतात.

दख्खनच्या बागाइताला हे झाड पारखे का राहिले, हेही यावरून ध्यानात येईल. आपल्या हिवाळ्यात त्या मुळीला हवी तेवढी दीर्घ विश्रांती मिळत नाही, आणि वैशाखातील ऊन व त्यामागून येणारी संततधार या दोहोंत ती तगत नाही. पुण्या-मुंबईच्या रोपवाटिकांत ‘ब्लीडिंग हार्ट’ म्हणून जी वेल विकली जाते, पांढऱ्याशुभ्र निदलपुंजातून जिचे लाल फूल बाहेर डोकावते, ती पश्चिम आफ्रिकेतील क्लेरोडेंड्रम. विल्यम कूपर थॉमसन या मिशनऱ्याने ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास प्रकाशात आणली आणि तिला त्याच्या दिवंगत पत्नीचे नाव मिळाले. तिचे कुळ सर्वस्वी निराळे आहे, हे घेणाऱ्याने जाणून असावे. खऱ्या ब्लीडिंग हार्टचे जवळचे आप्त आपल्या देशात आहेत ते हिमालयात. पूर्व हिमालयात झुडपांवर चढणारी, पिवळ्या बटव्यांची एक नाजूक वेल आढळते. कंपनी सरकारच्या कलकत्त्याच्या बागेचा अधीक्षक नॅथॅनिएल वॉलिच हा १८२० मध्ये नेपाळात गेला असता तेथील वनस्पती त्याच्या अभ्यासात आल्या, आणि १८२६ मध्ये त्याने या वेलीसाठी ‘डॅक्टिलिकॅप्नॉस’ ही प्रजाती स्थापन केली.

वनस्पतिशास्त्राने ब्लीडिंग हार्टची पंक्ती पुढेही बदलली. फुकुहारा या जपानी शास्त्रज्ञाने बीजाच्या रचनेचा अभ्यास करून १९९७ मध्ये ते डायसेंट्रातून काढले व ‘लॅम्प्रोकॅप्नॉस’ या प्रजातीत घातले, आणि त्या प्रजातीत ते एकटेच आहे. फ्युमॅरिया, डायेलिट्रा, डायसेंट्रा, लॅम्प्रोकॅप्नॉस अशी नावे पालटत गेली. परंतु या अडीचशे वर्षांत त्याला वाढविण्याची रीत तीळमात्र पालटली नाही. शिवाय मुळी वाटून लावलेले रोप मूळ झाडाची संतती नसते, ते तेच झाड असते, त्याच्याच देहाचा एक भाग दुसऱ्या मातीत चालू राहिलेला. फॉर्च्यूनच्या पेटीतील मुळी ज्या ज्या बागेत वाटून वाटून पोहोचली असेल, तेथे चुसानच्या त्या अनामिक माळ्याचेच झाड जिवंत आहे, असे अलंकाराचा आश्रय न घेता म्हणता येते. म्हणून फुलझाडांच्या इतिहासात शोधकांना जो मान मिळतो त्यात काटछाट न करताही एक नोंद वाढविणे अगत्याचे आहे: कोणत्या देशाच्या, कोणत्या काळाच्या माळ्यांनी हे झाड राखले, ते कोणत्या रीतीने, आणि ते हस्तगत कसे झाले. ब्लीडिंग हार्टच्या बाबतीत निदान १६८८ चा लेखी दाखला हाताशी आहे, आणि त्या झाडाची हकीकत लिहिताना आरंभ तेथूनच केला पाहिजे.